न्यूयॉर्क-नायगारा झालं, उरलेल्या अमेरिकेचं काय?

अमेरिकेला निघालेल्या मराठी माणसाची यादी ठरलेली असते. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा. सवड असेल तर लास व्हेगस, ग्रँड कॅन्यन, सॅन फ्रान्सिस्को. पहिल्यांदाच आणि दहा-बारा दिवसांसाठी जाणाऱ्याने या यादीला हात लावू नये, असंच मी म्हणेन. पण मुलाकडे किंवा लेकीकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या आईबाबांचं काय? मुलं नोकरीला असतात क्लीव्हलंडला, सेंट लुईसला, पिट्सबर्गला. ‘आमच्या इथे बघण्यासारखं काही नाही,’ असं सांगून शनिवारी ती आईबाबांना मॉलमध्ये फिरवून आणतात. या शहरांबद्दलचे निम्मे गैरसमज तिथे राहणारेच पसरवतात.

गैरसमज : कारखाने बंद पडलेली शहरं ती, तिथे काय पाहायचं?

कारखाने बंद पडले, हे खरंच आहे. पण साधारण १८८० ते १९३० या काळात पोलाद, तेल आणि मोटारी यांचा अफाट पैसा याच शहरांत होता आणि त्यातला बराचसा संग्रहालयं, बागा, वाचनालयं यांवर खर्च झाला. पुढे माणसं निघून गेली. इमारती आणि त्यांतल्या वस्तू जागच्या जागी राहिल्या. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये ती साडेसहा लाखांच्याही खाली आली. २०१३ मध्ये तर महापालिकेनेच दिवाळं जाहीर केलं. तेव्हा सावकारांची नजर शहराच्या कलासंग्रहालयातल्या चित्रांवर गेली होती. देणगीदार संस्था आणि राज्य सरकार यांनी पैसा उभा केला, म्हणून ती वाचली. तिथल्या मधल्या दालनाच्या चारही भिंतींवर दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये फोर्डचा कारखाना रंगवला आहे. एवढ्या एका दालनासाठी डेट्रॉइटला जावं.

क्लीव्हलंडची बदनामी तर जळत्या नदीने झाली. कायहोगा नदीवरच्या तेलाच्या तवंगाने जून १९६९ मध्ये पेट घेतला आणि ‘टाइम’ साप्ताहिकाने फोटो छापून देशभर गाजावाजा केला. गंमत अशी, की तो फोटो १९५२ च्या आगीचा होता. १९६९ ची आग जेमतेम अर्धा तास चालली; फोटोग्राफर पोहोचेपर्यंत विझलीही होती. पण त्या बोभाट्याचा उपयोग झाला. नद्या स्वच्छ करण्याचा कडक कायदा १९७२ मध्ये आला, त्यामागे या आगीचाही हात होता. आज त्याच नदीच्या खोऱ्यात राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे प्रवेश शुल्क नाही. शहराच्या कलासंग्रहालयाचा कायमस्वरूपी संग्रहही १९१६ पासून फुकट पाहता येतो. त्यात अकराव्या शतकातला चोळकालीन नटराज आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात परगावच्या माणसाला तिकीट पडतं आणि मोनेच्या चित्रासमोर मोबाइल उंचावलेले हातच जास्त दिसतात. क्लीव्हलंडला चित्रापुढच्या बाकावर बसून राहिलात, तरी कोणी उठवत नाही.

गैरसमज : ही शहरं धोकादायक आहेत, आकडेच सांगतात.

आकडे काय सांगतात, ते जरा नीट पाहू. गुन्हेगारीच्या याद्यांमध्ये सेंट लुईस कायम वर असतं. या शहराने १८७६ मध्ये आपल्या काउंटीपासून (म्हणजे जिल्ह्यापासून) फारकत घेतली, तेव्हा शहराची जी हद्द ठरली, तीच आजही आहे. महानगराची लोकसंख्या सुमारे २८ लाख, पण सेंट लुईस महापालिकेच्या हद्दीत माणसं जेमतेम तीन लाख. सुखवस्तू उपनगरं सगळी हद्दीबाहेर. त्यामुळे दर लाख माणसांमागे गुन्हे मोजले, की भागाकार शहराच्या विरोधात जातो. ज्या शहरांच्या हद्दीत उपनगरंही येतात, त्यांचा आकडा आपोआप सौम्य दिसतो.

म्हणून तिथे खून पडत नाहीत, असं नाही. पडतात, आणि ते ठरावीक वस्त्यांमध्ये जास्त पडतात; पाहुण्याला तिथे जाण्याचं सहसा कारण नसतं. पाहुण्याला खरी भीती गाडीची काच फुटण्याची. लावलेल्या गाडीत सीटवर पिशवी, जॅकेट, चार्जरची वायर, काहीही दिसेल असं ठेवू नका. आणि या शहरांचे मधले व्यापारी भाग कचेऱ्या सुटल्या की ओस पडतात, तेव्हा जेवणानंतर शतपावलीला तिकडे नको.

याच सेंट लुईसमध्ये १९२ मीटर उंचीची पोलादी कमान आहे, म्हणजे चौथऱ्यासकट स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुपटीहून उंच. पाच जण गुडघ्याला गुडघा लावून बसतील, एवढ्याशा डब्यातून चार मिनिटांत माथ्यावर जाता येतं. गुडघ्यांची तक्रार असेल, तर डब्यात शिरताना वाकावं लागतं हे ध्यानात ठेवा. इथली फॉरेस्ट पार्क ही बाग न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपेक्षा मोठी आहे. तिच्यातलं प्राणिसंग्रहालय, कलासंग्रहालय आणि इतिहास संग्रहालय तिन्ही फुकट, कारण शहर आणि काउंटी यांतले लोक त्यांसाठी मालमत्ता करातून वेगळा पैसा देतात.

गैरसमज : अमेरिकेला इतिहास कुठला?

सेंट लुईसहून मिसिसिपी ओलांडून पंधरा-वीस मिनिटं गेलं, की कहोकिया लागतं. अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं, त्याच अकराव्या शतकात इथे मूलनिवासींचं मोठं नगर भरभराटीला आलं होतं. टोपल्यांनी माती वाहून रचलेलं तीस मीटर उंचीचं टेकाड तिथे आजही चढता येतं. १९८२ पासून कहोकिया जागतिक वारसास्थळ आहे. एवढं पुरे.

गैरसमज : मोठं शहर नसेल, तर मोठी वास्तुकला कुठून असणार?

याला उत्तर इंडियाना राज्यातलं कोलंबस. हॉटेल ठरवताना ओहायोतलं कोलंबस निवडू नका, ते वेगळं. हे गाव पन्नास हजार वस्तीचं आणि पुण्याशी नातं असलेलं. कोथरूडचा कमिन्स कारखाना आणि कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज ज्या कंपनीच्या नावाचं, तिचं मुख्यालय इथे आहे. कंपनीचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांनी १९५० च्या दशकात एक योजना काढली : गावात शाळा बांधायची असेल, तर वास्तुविशारद आमच्या यादीतून निवडा, त्याची फी कंपनीचं प्रतिष्ठान भरेल. शाळांनंतर अग्निशमन केंद्रं आली, इतर सार्वजनिक इमारती आल्या. आपल्याकडे शाळेची इमारत म्हणजे बांधकाम खात्याचा ठरलेला नकाशा; इथे एक अग्निशमन केंद्र नामवंत वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंचुरी यांनी रचलं आहे.

पाचव्या रस्त्यावरच्या वाचनालयापुढे उभं राहा. वाचनालय आय. एम. पेई यांचं, म्हणजे ज्यांनी पुढे पॅरिसला लूव्हरचा काचेचा पिरॅमिड केला त्यांचं. विटांच्या चौकात शिल्पकार हेन्री मूर यांची ब्राँझची कमान. तिच्याखालून मुलं सायकली काढतात. समोर एलिएल सारिनेन यांनी रचलेलं १९४२ चं चर्च. या एलिएलचा मुलगा एरो, म्हणजे सेंट लुईसच्या कमानीचा कर्ता. त्याने गावात दुसरं चर्च आणि खुद्द मिलर यांचं घर बांधलं. घर पाहायला आधी नाव नोंदवावं लागतं.

गैरसमज : गाडी नसेल, तर जमणारच नाही.

हा मात्र पुष्कळसा खरा. कोलंबसला गाडीशिवाय जाऊच नका. पिट्सबर्ग हा अपवाद. तिथे नद्यांचा संगम, डोंगर आणि शेकडो पूल. मधल्या भागात ट्राम फुकट. सप्तशृंगी गडावर आहे तशी फनिक्युलर तिथे १८७० पासून चालू आहे आणि पाहुण्यांबरोबर गावातले लोकही तिने ये-जा करतात. शिकागोहून मिलवॉकीलाही रेल्वेने दीड तासात पोहोचता येतं.

ही शहरं स्वस्त, हे सरसकट मानू नका. हॉटेल स्वस्त पडतं, पण लहान विमानतळाचं तिकीट तोच फायदा गिळतं. आणि नोव्हेंबर ते मार्च क्लीव्हलंड, मिलवॉकी अशा सरोवरांकाठच्या शहरांच्या वाटेला जाऊ नका.

यातलं काहीच जमणार नसेल आणि मुक्काम न्यूयॉर्कलाच असेल, तर एक दिवस पोकीप्सीला द्या. ग्रँड सेंट्रल स्थानकावरून निघणाऱ्या हडसन मार्गावरचं ते शेवटचं स्टेशन, सुमारे दोन तासांवर. जाताना डाव्या खिडकीशी बसा, नदी त्या बाजूला आहे. तिथे १८८९ चा रेल्वेपूल आता पायी चालणाऱ्यांसाठी खुला आहे. नदीवरून दोन किलोमीटर चालता येतं. आणि तिथल्याच दफनभूमीत, अमेरिकेत त्यांना आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी आहेत. जाण्याआधी दफनभूमीच्या कार्यालयात फोन करून जागा विचारून घ्या; आवार मोठं आहे.