दुकानाचे भांडवल आणि शेअरबाजार

व्यापारी बंधूंनो, शेअर म्हणजे व्याज नव्हे, शिरकत आहे. म्हणून तोटाही आपलाच.

खानदेशातील अमळनेरला मोहम्मद हाशिम प्रेमजींनी १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी काढली, तीच आजची विप्रो. तिथल्या ज्या व्यापारी-शेतकऱ्यांनी शेअर घेऊन विकले नाहीत, त्यांतले अनेक बोनसवर बोनस मिळून कोट्यधीश झाले. पण त्यांनी दशके वाट पाहिली.

मला मात्र घाई! १९९२ च्या मार्चमध्ये लग्नसराईच्या मालाचे पैसे एका कंपनीत घातले. एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण फुटले, भाव कोसळले. अकोला-अमरावतीची गिऱ्हाइके रिकामी फळी पाहून शेजारच्या दुकानात गेली. तेव्हापासून मालाचा पैसा मी वेगळाच ठेवतो.

वडिलांच्या पेटीत जुने कागदी शेअर असल्यास पाहा. एप्रिल २०१९ पासून डीमॅट केल्याशिवाय ते विकता येत नाहीत.