मागूर माशाचे प्रेरित प्रजनन : प्रश्न नराचा

प्रेरित प्रजनन म्हटले की आपल्यासमोर कटला, रोहू व मृगळ हेच मासे येतात. १९५७ साली ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचा उपयोग करून भारतीय कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. पुढे हे तंत्र इतर माशांसाठीही वापरात आले. देशी मागूरला मात्र ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

निसर्गात मागूर पावसाळ्यात भातखाचरांच्या उथळ पाण्यात खळगा करून अंडी घालतो व नर त्यांची राखण करतो. हॅचरीच्या टाकीत मादीची अंडी पक्व होतात, परंतु आपणहून सोडली जात नाहीत. त्यासाठी पीयूषिका अर्क किंवा ओव्हाप्रिमसारखे संप्रेरक टोचावे लागते. साधारणपणे १४ ते १८ तासांनी मादीच्या पोटावर हलका दाब दिला असता तपकिरी, चिकट अंडी बाहेर येतात.

येथपर्यंत अडचण नाही. कार्पच्या नराचे पोट दाबले की शुक्रद्रव मिळते, मागूरच्या नरापासून ते अशा रीतीने मिळत नाही. त्यास मारून वृषणे काढावी लागतात व ती ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात कुस्करून अंड्यांवर पसरावी लागतात. पाणी मिसळताच शुक्राणू सक्रिय होतात, पण ते जेमतेम मिनिटभरच. म्हणून सारे काम घाईचे असते. सुमारे एका दिवसात अंडी फुटतात. पिल्लांचे हवेतून श्वसन करणारे अंग दहाव्या दिवसाच्या आसपास काम करू लागते, तोवर टाकीतील पाणी उथळच ठेवावे लागते.

म्हणजे प्रत्येक हंगामात नर खर्ची पडतात. टाक्यांत पुरेसे नर नसले की ते नदी-तळ्यांतून धरून आणले जातात. हा मासा आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त गटात मोडतो, हे येथे विसरून चालणार नाही. दुसरा मोह आफ्रिकी मागूरचा, बाजारातील तथाकथित 'थाई मांगूर'चा. त्याचा नर मोठा असतो, वृषणेही मोठी, आणि देशी मादीशी त्याचा संकर होऊ शकतो. त्याच्या संवर्धनावर २००० सालापासून बंदी आहे. असे संकरित बीज जलाशयात गेले तर देशी मागूरचा वंशच भेसळीचा होईल.

संप्रेरक टोचलेली जोडी खाचरासारख्या बंदिस्त जागेत सोडण्याचा मार्गही आहे. त्यात नर जगतो, मात्र बीज कमी व अनियमित मिळते. व्यावसायिक हॅचरीला ते परवडत नाही. महाविद्यालयाच्या आवारातील एखाद्या तळ्यात प्राणिशास्त्र विभागाला हा प्रयोग सहज करता येण्याजोगा आहे.