परिवासाचे चार महिने

बुद्धाच्या हयातीत त्याच्याकडे जी माणसे आली, ती सारी दुसरीकडून आलेली होती. कोणी जटा वाढवून अग्नीची उपासना करणारे तापस होते, कोणी निर्ग्रंथांचे उपासक, कोणी वेदपारंगत ब्राह्मण, तर कोणी गावोगाव वाद करीत हिंडणारे परिव्राजक. जन्माने बौद्ध असा कोणी तेव्हा नव्हताच. तरीही, किंबहुना म्हणूनच, अशा नवागतांसाठी भिक्षुसंघाने एक नियम केला. अन्य संप्रदायातील माणसाला संघात यायचे असेल, तर त्याने आधी चार महिने संघाच्या सान्निध्यात उमेदवारी करावी आणि त्याचे वर्तन पाहून भिक्षूंचे समाधान झाले, की मगच त्याला उपसंपदा द्यावी. विनयपिटकात या मुदतीला ‘परिवास’ असे नाव आहे.

धर्मसंस्थापकांना अनुयायांची घाई असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बुद्धाचे वर्तन या समजुतीला छेद देणारे आहे. मज्झिमनिकायातील उपाली गृहपतीची कथा या दृष्टीने फार बोलकी आहे. नालंदेचा हा श्रीमंत गृहस्थ निर्ग्रंथांचा एकनिष्ठ उपासक. तो बुद्धाशी वाद जिंकण्याच्या हेतूने आला आणि वादाच्या शेवटी त्याचाच उपासक होण्यास सिद्ध झाला. त्यावर बुद्धाने त्याला सुचविले ते एवढेच, की तुझ्यासारख्या नामांकित माणसाने पुरता विचार करून पाऊल उचलावे. एवढ्यावरच तो थांबला नाही. तुझे घर आजवर निर्ग्रंथांना पाणवठ्यासारखे आधार देत आले आहे, तेव्हा त्यांची भिक्षा यापुढेही बंद करू नकोस, असेही त्याने सांगितले. नव्या घरात येणाऱ्याने जुन्या घरावर दगड मारावा, ही अपेक्षा येथे मुळीच नाही. अपेक्षा आहे ती विचाराची, आणि विचाराला वेळ लागतो.

आज बुद्धाकडे वळणाऱ्या सुशिक्षित माणसाला या परिवासाची आठवण करून देण्याची गरज आहे. पुस्तके, भाषणे, ध्यानाची शिबिरे आता सहज उपलब्ध आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीच्या बरोबरीने पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. साधनांची वाण राहिलेली नाही. उणीव आहे ती आपल्या जुन्या समजुती थोडा काळ बाजूला ठेवण्याच्या तयारीची.

ओळखीचा अडसर

हिंदू घरात वाढलेल्या माणसाची पहिली अडचण अशी, की बुद्ध आपल्याला ठाऊक आहे असे त्याला वाटत असते. दशावताराच्या चित्रात त्याने नववा अवतार पाहिलेला असतो. महाराष्ट्रात तर त्या नवव्या जागी कित्येकदा विटेवरचा विठोबाच उभा असतो. तेव्हा बुद्ध म्हणजे आपल्याच परंपरेतील एक करुणामूर्ती संत, त्याची शिकवण म्हणजे आपल्याच उपनिषदांचा थोडा वेगळा पाठ, अशी त्याची खात्री झालेली असते. परक्या देशातून आलेल्या जिज्ञासूला निदान आपले अज्ञान माहीत असते. येथल्या जिज्ञासूला ते माहीत नसते, हाच काय तो फरक.

या गैरसमजाला भाषाही हातभार लावते. कर्म, निर्वाण, ब्राह्मण, धर्म हे शब्द दोन्हीकडे आहेत, परंतु अर्थ निराळे आहेत. बुद्धाच्या लेखी कर्म म्हणजे मुख्यतः चेतना, म्हणजेच कृतीमागचा हेतू. यज्ञातील विधी किंवा नुसती शारीरिक क्रिया हा त्या शब्दाचा गाभा नव्हे. उपालीशी झालेला वादही कायेचे कर्म भारी की मनाचे, याच प्रश्नावर होता. ब्राह्मण हा शब्द बुद्धाने टाकला नाही, पण धम्मपदात त्याचा निकष जन्मावरून काढून आचरणावर आणून ठेवला. आणि ज्या आत्म्याच्या आधारावर येथील बहुतेक दर्शने उभी आहेत, त्या नित्य आत्म्याचा तर तेथे इन्कारच आहे. जगाचा कर्ता म्हणून ईश्वरालाही तेथे स्थान नाही. शब्द ओळखीचे असल्यामुळे वाचणारा अडखळत नाही, आणि अडखळत नाही म्हणून त्याला काही नवे समजतही नाही.

साखवाळचा जिज्ञासू

या अडसरातून धीमेपणाने वाट काढणाऱ्या मराठी माणसाचे उत्तम उदाहरण म्हणजे धर्मानंद कोसंबी. १८७६ साली गोव्यातील साखवाळ या गावी, सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम. ‘बालबोधमेवा’ या मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र वाचून त्यांच्या मनाने जी ओढ घेतली, ती कायमची. १८९९ च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. त्या ज्ञानयात्रेची किंमत घरातील स्त्रीनेही मोजली, हे विसरून चालणार नाही.

या प्रवासातील टप्पे लक्षात घेण्यासारखे आहेत. बुद्ध समजून घ्यायचा तर आधी संस्कृत यायला हवे, म्हणून पुणे, ग्वाल्हेर आणि मग काशी. काशीत अन्नछत्रातील जेवणावर राहून त्यांनी अध्ययन केले. बौद्ध धर्म नेपाळात जिवंत असेल या आशेने ते तेथे गेले आणि निराश होऊन परतले. बुद्धगयेला पोहोचल्यावर त्यांना उमगले, की मूळ ग्रंथ पालीत आहेत आणि पाली शिकायची तर सिंहलद्वीप गाठले पाहिजे. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी उपसंपदा घेतली. तेथे त्यांना सोबती मिळाला तो ज्ञानतिलोक नावाचा जर्मन भिक्षू. ख्रिस्ती घरात जन्मलेला हा युरोपीय आणि गोव्याचा ब्राह्मण या दोघांनी सगाईंगच्या परिसरात बरोबरीने ध्यानाभ्यास केला. दोघेही परके आणि दोघेही विद्यार्थी!

परंतु कोसंबींचे मोठेपण ते भिक्षू झाले यात नाही. जुन्या घरातील श्रद्धा तपासणाऱ्या या माणसाने नव्या घरातील श्रद्धाही तपासल्या. १९०६ च्या सुमारास भारतात परतल्यावर अध्यापनासाठी त्यांनी चीवर उतरविले, पण बुद्धाला अंतर दिले नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले ते महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहावेत म्हणून. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनावर त्यांनी श्रम घेतले. ती आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५० साली प्रसिद्ध झाली. मराठीतील ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ म्हणजे या तपासणीचे फलित होय. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी अशी चार दृश्ये पाहून सिद्धार्थ रात्री घर सोडून गेला, ही सर्वपरिचित कथा त्यांनी जुन्या सुत्तांच्या आधारे बाजूला ठेवली. पाण्यावरून आणि जमिनीवरून परस्परांवर शस्त्र उगारणारी माणसे पाहून त्याला उद्वेग आला, हे कारण त्यांना अधिक ग्राह्य वाटले. बुद्धाच्या मांसाहाराचा नाजूक प्रश्नही त्यांनी टाळला नाही. त्यात जैन श्रमणांचा उल्लेख आल्यामुळे वादळ उठले, तरी पुराव्याने निघालेला निष्कर्ष त्यांनी मागे घेतला नाही.

दुसरी वाट

हाच चिकित्सेचा धागा एका सर्वस्वी निराळ्या वाटेने आलेल्या माणसाकडेही दिसतो. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. १९३५ साली येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. घोषणा आणि दीक्षा यांच्यामध्ये एकवीस वर्षे गेली! इतका प्रदीर्घ परिवास आधुनिक काळात दुसऱ्या कोणी क्वचितच पाळला असेल.

त्यानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रारंभीच बाबासाहेबांनी चार प्रश्न उभे केले. बुद्धाने परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्ये मूळ शिकवणुकीचा भाग आहेत काय, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, आणि भिक्षू निर्माण करण्यामागचा हेतू कोणता? एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारपण, रोग आणि मृत्यू पाहिलेच नव्हते हे बुद्धीला पटत नाही, असे म्हणून त्यांनीही चार दृश्यांची कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला तंटा पुढे आणला. एक गोव्याचा ब्राह्मण, दुसरा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचा नेता. दोघांनीही बुद्धाला राजवाड्यातून बाहेर काढून पाण्याच्या भांडणाजवळ आणून उभे केले. चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्याने १९२७ साली केला, त्याला पाण्याच्या तंट्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता.

नवागताची पूर्वपीठिका हा केवळ अडसर नसतो. ती त्याची दृष्टीही असते, ही गोष्ट येथे स्पष्ट होते. मात्र दोन वाटांतील अंतर पुसून टाकता कामा नये. कोसंबींना शोध घेण्याची मोकळीक होती. नागपुरात दीक्षा घेणाऱ्या लक्षावधी लोकांना ती नव्हती. त्यांनी पालीचे व्याकरण शिकून मग निर्णय घ्यायला हवा होता, असे म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर काढलेले दिवस हाच त्यांचा परिवास होता, आणि तो चार महिन्यांचा नव्हता.

खरी कसोटी

आजच्या नवागताची वाट बहुधा ध्यानापासून सुरू होते. इगतपुरीचे विपश्यना केंद्र १९७६ पासून चालू आहे. त्याचे प्रवर्तक सत्यनारायण गोएंका हेही नवागतच. ब्रह्मदेशातील मारवाडी हिंदू कुटुंबात वाढलेले हे व्यापारी अर्धशिशीने बेजार होऊन १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांना आधी नकार मिळाला. डोकेदुखीवरचा उपाय म्हणून ही विद्या देता येणार नाही, असे गुरूने बजावले. आज ताण घालविण्याचे औषध म्हणून ध्यानाची जाहिरात सर्रास होते, त्या वेळी हा नकार आठवावा. दहा दिवसांच्या मौनाचे मोल कमी नाही, परंतु ती सुरुवात आहे.

महाराष्ट्रातील नवागताची खरी कसोटी इगतपुरीच्या टेकडीवर नाही, ती त्याच्या स्वतःच्या गावात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे ६५ लाख बौद्ध आहेत, म्हणजे देशातील बौद्धांपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक. त्यांचे विहार गावोगाव आणि वस्तीवस्तीत आहेत. असे असूनही पांढरपेशा जिज्ञासूला तिबेटचे लामा ठाऊक असतात, जपानची झेन परंपरा ठाऊक असते, अजिंठ्याची चित्रे तर तोंडपाठ असतात. चार गल्ल्या ओलांडून असलेल्या विहारात वैशाखी पौर्णिमेला काय होते, हे मात्र त्याला माहीत नसते. दूरचा बुद्ध त्याला चालतो, शेजारच्याचा बुद्ध चालत नाही. ही अडचण तत्त्वज्ञानाची नव्हे, जातीची आहे, हे स्वच्छ म्हटले पाहिजे. ज्या शिकवणुकीने ब्राह्मण्याचा निकष आचरणावर आणला, तिचा अभ्यास जात सांभाळून करता येत नाही.

या बाबतीतही कोसंबींचे उदाहरण पुढे आहे. हार्वर्ड आणि लेनिनग्राड पाहून आलेला हा पंडित उत्तरायुष्यात मुंबईच्या परळ भागातील कामगारवस्तीत बहुजनविहारात जाऊन राहिला. त्यांचा शोध तेथेही थांबला नाही. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माने त्यांना अखेरीस ओढून घेतले, आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला तो उपवासाने क्षीण झालेल्या अवस्थेत. बौद्ध आणि जैन विचार त्यांनी एकमेकांशी जुळते घेतले, ते दोन्हींची पुरती छाननी केल्यावर.

बुद्धाकडे येणाऱ्याला जुने नाव टाकावेच लागते असे नाही, आणि नवे नाव घेतल्याने काम संपते असेही नाही. धर्मांतर करावे की न करावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पाहण्यासाठी आलेल्याने नीट पाहावे, एवढी अट आहे. त्यासाठी थोडी पाली शिकावी, ओळखीच्या शब्दांवर अडखळण्याची तयारी ठेवावी, मनाला न पटणारे प्रश्न दडवून ठेवू नयेत आणि शेजारच्या विहारात विद्यार्थी म्हणून जाऊन बसावे. ज्या संघाने चार महिने थांबायला सांगितले, त्याला माणसे नको होती असे नव्हे. आलेला माणूस पुरता यावा, अर्धा उंबरठ्याबाहेर राहू नये, एवढीच त्याची इच्छा होती.