डांबराची झाडाझडती

कपाटातल्या डांबरगोळीचं नाव उगाच पडलेलं नाही. गोळीतलं नॅफ्थलीन मिळतं ते दगडी कोळशाच्या डांबरातून. (रस्त्यावरचं डांबर आता बहुतेक खनिज तेलापासून येतं; नाव तेवढं जुनं.)

कोळशाच्या डांबरात काय किती आहे, हे प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातनाने कळतं. आधी पाणी काढायचं. ते राहिलं तर तापताना डांबर फेसाळून नळीत चढतं. मग वजन केलेला नमुना चंबूत तापवायचा. साधारण १७० अंश सेल्सिअसपर्यंत हलकं तेल येतं, २३० पर्यंत कार्बोलिक तेल, पुढे क्रिओसोट, ३६० च्या आसपास अँथ्रासीन तेल. तळाशी उरतो पिच. प्रत्येक भाग वेगळा तोलायचा.

तापमापीचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडाशीच हवा, नाहीतर आकडे फसवे. खरी गंमत नॅफ्थलीनची: ते ८० अंशांला गोठतं. वाफ थंड करणाऱ्या नळीला गार पाणी दिलं की आत पांढरे स्फटिक धरतात आणि वाट बंद! म्हणून त्या टप्प्यात ही नळी गरम ठेवतात.

हलक्या तेलाची वाफ झटकन पेटते. बेंझीन वेगळं काढणारा चार्ल्स मॅन्सफिल्ड १८५५ मध्ये अशाच आगीत भाजून गेला.