फाटक ते पोर्च : गुळगुळीत काँक्रीट नकोच

कोकणात पावसाळा मुरला की गुळगुळीत काँक्रीटवर शेवाळ धरतं. घोटून चकचकीत केलेला कोबा घरात शोभतो. फाटकापासून पोर्चपर्यंतच्या उतारावर मात्र स्कूटरचं चाक आणि आजीचा पाय, दोन्ही घसरतात.

स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे झाडू फिनिश. काँक्रीट ओतल्यावर वर आलेलं पाणी सुकू द्यायचं आणि मग गाडीच्या वाटेला आडवा, कडक झाडू एका दमात ओढायचा. त्या बारीक रेघांवर टायर पकड घेतो. काही गवंडी घाईत ते पाणी टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरतात. तिथे त्यांना थांबवाच. तो थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो.

खडी उघडी ठेवलेलं फिनिश देखणं आणि टिकाऊ. ओल्या पृष्ठभागावर रिटार्डर, म्हणजे सिमेंट घट्ट होणं लांबवणारं रसायन, फवारून, बहुधा दुसऱ्या दिवशी, वरचं सिमेंट धुऊन काढतात. कारागीर मात्र मुरलेला हवा.

साच्याने दगडाचा ठसा उमटवलेल्या काँक्रीटला दर दोन-तीन वर्षांनी सीलर लागतो, आणि ओला सीलर निसरडा असतो. पावसाळी गावात ते टाळलेलं बरं.

फिनिश कोणतंही असो, 4 इंच जाडीला 8 ते 10 फुटांवर इंचभर खोल सांधे कापून घ्या, म्हणजे तडे सांध्यातच जिरतात. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस 456) साधं सिमेंट किमान 7 दिवस, तर पीपीसीसारखं मिश्र सिमेंट किमान 10 दिवस सतत ओलं राहायला हवं. गोणपाट अंथरून पाणी मारण्याची ही अट कंत्राटदाराशी बोलतानाच लिहून घ्या.