न कळत होणारी परीक्षा

बारावीच्या सुटीत मी डोंबिवलीत एका संगणक वर्गाला जात असे. यंत्रे थोडी, पुढची तुकडी दारात उभी; म्हणून मी धडे न वाचताच ‘पुढे’ची कळ दाबत सुटलो. शेजारची मुलगी मात्र बेरजेच्या एका सूत्रावर तीन दिवस अडली होती. यंत्राच्या नोंदीत मी पुढे, ती मागे. तो कागद मी आईला दाखवलाही. आमच्या घरात असला कागद पहिलाच. पुढे सरांनी कोरा तक्ता करायला सांगितला, तेव्हा तिने तो केला आणि मी नुसता पाहत राहिलो.

शिकणाऱ्याला न थांबवता, शिकता शिकताच त्याची प्रगती जोखायची, अशी ही कल्पना. ती वाईट नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्य विद्यापीठाच्या व्हॅलेरी शूट यांनी तिचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यांच्या एका खेळात मुले पडद्यावर उतरण, तरफ, लंबक रेखाटून चेंडू फुग्यापर्यंत पोचवतात. प्रयत्न किती झाले, वेळ किती लागला, युक्ती कोणती वापरली, हे संगणक मुकाट्याने टिपतो. मात्र कोणती कृती कोणत्या समजुतीची खूण मानायची, हे आधी ठरवलेले असते. माझ्या वर्गात खूण एकच : पान उलटले की नाही!

खरे तर आपल्याकडे हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला (तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर) बालशिक्षणाचे काम सुरू केले. खेळणाऱ्या मुलाचे निरीक्षण हा त्या शिक्षणाचा पायाच. पण तिथे पाहणारी बाई मुलाला दिसत असे. यंत्राचा डोळा दिसत नाही.

कल्याणच्या पुढे, कर्जतच्या बाजूला खैराट म्हणून वस्ती आहे. २००७ साली तिथल्या एकशिक्षकी शाळेतील मुलांना हिरवे-पांढरे छोटे संगणक मिळाले. त्यांत ‘जर्नल’ नावाची रोजनिशी असे. चित्र काढले, फोटो टिपला, की नोंद आपोआप होई. चार इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या गुरुजींना अशी वही केवढ्या उपयोगाची! शिवाय ती मुलालाही उघडता येई. हे काय केलेस, असे विचारले तर त्याला दाखवता येई.

आपल्या महाविद्यालयात असे धडे येतील तेव्हा आमच्या नोंदी आम्हालाही पाहू द्याव्यात, आणि अडलेल्याला मागे पडलेला समजण्याआधी त्याला काय अडले ते विचारावे, एवढे प्राध्यापकांकडे मागणे आहे.