बायबलमधले कौमींवरचे इशारे: भाकीत की ताकीद?

सीरियात काही घडलं की मोबाईलवर एक मेसेज हमखास फिरतो – बायबलमध्ये लिहिलंय, दमास्कस उद्ध्वस्त होणार! कुणी घाबरतं, कुणी न वाचताच पुढे पाठवतं. मुलं आम्हा शिक्षकांना विचारतात, हे खरं का? म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

दमास्कसवरचा हा इशारा ‘यशया’ या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात आहे. काळ इ.स.पू. आठव्या शतकाचा. दमास्कस तेव्हा अरामी राज्याची राजधानी होती. इ.स.पू. ७३२ मध्ये असिरियाचा राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर याने ते जिंकलं आणि ते राज्य संपलं. काही ख्रिस्ती गट हा इशारा अजून पुरा व्हायचा आहे असं मानतात. पण बरेच अभ्यासक तो त्या काळाशीच जोडतात. शहर पुढे पुन्हा वसलं, उमय्या खिलाफतीची राजधानी झालं आणि आजही नांदतं आहे.

मग असे इशारे कशासाठी दिले जात? याचं उत्तर ‘आमोस’ या छोट्या पुस्तकात सापडतं. आमोस हे यहूदातल्या तकोवा गावचे मेंढपाळ. ते एकेका शेजाऱ्याचं नाव घेतात: दमास्कस, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. गुन्हेही सांगतात: वस्त्याच्या वस्त्या गुलाम म्हणून विकल्या, गरोदर बायकांनाही सोडलं नाही. ऐकणारे खूश होत असतील, दुश्मनांची चांगली खरडपट्टी निघतेय म्हणून. पण यादी तिथे थांबत नाही. पुढे यहूदाचं नाव येतं, आणि शेवटी ऐकणाऱ्या इस्राएलचंच. त्यांचा गुन्हा काय? चपलांच्या जोडापायी गरिबाला विकणं. म्हणजे माप सगळ्यांना एकच – जुल्म. आपली कौम म्हणून कुणाला सूट नाही. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोनही असिरियाच्या हाती पडली.

दुसरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. हजरत यूनुस (अलै.) यांना बायबलमध्ये योना म्हणतात. तिथे निनवे शहराला ४० दिवसांची मुदत मिळते. निनवे म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलजवळचं ठिकाण. लोकांनी तौबा केली आणि अजाब टळला. कुरआनमध्येही सूरह यूनुसच्या ९८व्या आयतीत या कौमीवरचा अजाब टळल्याचा उल्लेख आहे. सांगितलेला नाश झालाच नाही, म्हणून इशारा खोटा ठरला का? नाही, उलट त्याचं काम फत्ते झालं! ‘यिर्मया’च्या १८व्या अध्यायात तर हा कायदाच सांगितला आहे: कौम वाईटापासून वळली तर शिक्षाही वळते. तेच निनवे पुढे जुल्मामुळे ‘नहूम’ या पुस्तकाचा विषय झालं, आणि इ.स.पू. ६१२ मध्ये बाबिली व मेदी फौजांनी ते पाडलं.

तर हे इशारे म्हणजे आजच्या नकाशावर चिकटवायची चिठ्ठी नव्हे. एखाद्या शहरावर बॉम्ब पडताना ‘लिहिलेलंच होतं’ म्हणणं सोपं आहे. पण त्यात मारणाऱ्याचा गुन्हा झाकला जातो आणि मरणाऱ्याची कदर राहत नाही. सूरह माइदाच्या ८व्या आयतीतही आपल्याला हीच शिकवण आहे की, दुसऱ्या कौमीचा राग आला म्हणून इन्साफ सोडू नये.

पुढच्या वेळी तो मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी घरातल्या मुलांना आमोस यांची ती यादी सांगा. आणि ती शेवटी कुणापाशी येऊन थांबते, हेही सांगा.